पुष्कराजाच्या सर्टिफिकेटवर 'बेरिलियम' लिहिलंय. हे काय असतं? अंगठी घालावी का?

कोथरूडची_मनू (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. आईने गेल्या दिवाळीत गुरुबळासाठी म्हणून लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानातून (नाव लिहीत नाही, उगाच वाद नकोत) पुष्कराज घेतला. चार कॅरटचा, मधासारखा रंग. घेताना "एकदम नॅचरल, सिलोनी" असं तोंडी सांगितलं होतं. परवा मामेबहिणीच्या ओळखीने तो लॅबमध्ये तपासून घेतला. सर्टिफिकेटवर वर ठळक 'नैसर्गिक कोरंडम, पिवळा सफायर' आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'बेरिलियमसह उष्णता-प्रक्रिया केल्याचे पुरावे'.

मी नेटवर शोधलं, तर पहिल्याच पानावर 'अतिविषारी, कर्करोगकारक' वगैरे. आईने अंगठी काढून कुंकवाच्या करंड्यात ठेवली आणि हात डेटॉलने धुतले. आता करंडाही धुवायचा म्हणतेय.

तर बेरिलियम म्हणजे नेमकं काय, अंगठीतून ते अंगात जातं का, आणि आम्ही फसलो का? शक्यतो जाणकारांनी उत्तर द्यावं.

शंकासुर (९:४६)

गुरू निर्जंतुक झाला म्हणजे. आता बळ वाढणारच.

विवेकवादी_विनू (९:५८)

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, फसलात. पण बेरिलियममुळे नाही. ७०-८० कोटी किलोमीटरवरचा ग्रह खड्यामुळे प्रसन्न होतो यावर विश्वास ठेवलात तेव्हाच.

कोथरूडची_मनू (१०:०३)

विनू, हे आईला सांगायला तुम्हीच या. चहा देईन. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

निवृत्त_मास्तर (१०:५१)

मनूताई, घाबरू नका. मी ३४ वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. हायड्रोजन, हेलियम, लिथियम, बेरिलियम असं पोरं एका दमात म्हणतात आणि चौथ्याकडे पुन्हा कोणी ढुंकून बघत नाही. त्यामुळे आज कोणीतरी आपणहून विचारलं याचाच आनंद झाला. जरा लांबण लागेल.

हे मूलद्रव्य पाचूतूनच सापडलं. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये आउई नावाचे एक धर्मगुरू होते. स्फटिकांचे कोन मोजणं हा त्यांचा ध्यास. पाचू आणि बेरिल (आपण ज्याच्या निळसर प्रकाराला अक्वामरीन म्हणतो तो दगड) यांचे कोन अगदी जुळतात हे त्यांच्या लक्षात आलं. मग दोन्हींची घडण एकच असायला हवी. त्यांनी व्होक्लँ या रसायनशास्त्रज्ञाला पृथक्करण करायला सांगितलं. तोवर सगळे समजत होते की यात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) आणि सिलिका आहे, संपलं. व्होक्लँने १७९८ मध्ये बघितलं तर त्या 'ॲल्युमिना'तल्या एका भागापासून तुरटी काही केल्या होईना. ॲल्युमिना असता तर झाली असती. म्हणजे ही कोणती तरी वेगळीच 'माती'. तिच्या क्षारांची चव गोड लागली म्हणून नाव पडलं ग्लुसिन, म्हणजे गोडूस.

हो, चाखूनच बघितलं. त्या काळी तशीच पद्धत होती. माझ्या वर्गात कोणी असं केलं असतं तर मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतलं असतं.

धातू मात्र हाती यायला १८२८ उजाडलं. जर्मनीत व्होलर आणि फ्रान्समध्ये ब्युसी, दोघांनी स्वतंत्रपणे बेरिलियम क्लोराइडवर पोटॅशियमची क्रिया करून तो मिळवला. हाच व्होलर, त्याच वर्षी प्रयोगशाळेत युरिया केलेला. मिळालं काय, तर करडी पूड. चांगला शुद्ध धातू विद्युत-अपघटनाने लेबोने काढला, १८९८ मध्ये. शोधापासून बरोबर शंभर वर्षं! आणि नावाचं भांडण तर आणखी पन्नास वर्षं चाललं. क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं म्हणणं, गोड क्षार इट्रिया नावाच्या दुसऱ्या एका 'माती'चेही असतात, मग यालाच गोड का म्हणायचं? जर्मन बेरिलियम म्हणायचे, फ्रेंच ग्लुसिनियम. १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने बेरिलियमवर शिक्का मारला.

विषारीपणाबद्दल वैद्यकातल्या कोणी बोललेलं बरं. मी आता झोपतो.

शंकासुर (१०:५५)

सर, शंभर वर्षं धातू शुद्ध करायला आणि दीडशे वर्षं नाव ठरवायला? सोसायटीच्या पुनर्विकासाची कमिटी होती का?

सराफाघरचा (सोमवार, सकाळी ११:१५)

आमचं तीन पिढ्यांचं दुकान आहे, मी स्वतः रत्नपरीक्षा शिकलोय. (मनूताईंनी घेतलं ते दुकान आमचं नसावं अशी देवाजवळ प्रार्थना.)

खडा खोटा नाही, काच नाही, लॅबमध्ये वाढवलेलाही नाही. जमिनीतूनच आलाय. पण आला तेव्हा बहुधा पांढुरका किंवा फिकट, कोणी फुकट घेणार नाही असा असेल. असे खडे बेरिलियम असलेल्या भुकटीबरोबर भट्टीत, १८०० अंशांच्या आसपास, बराच काळ तापवतात. कोरंडम म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. बेरिलियमचा कण इतका लहान की तो खड्याच्या जाळीत शिरतो आणि ॲल्युमिनियमची जागा घेतो. त्यातून पिवळा, केशरी रंग उगवतो. २००१-०२ च्या सुमारास थायलंडहून अचानक सुंदर केशरी खडे बाजारात येऊ लागले, तेव्हा जगभरच्या लॅब बुचकळ्यात पडल्या होत्या. नुसतं तापवणं पिढ्यानपिढ्या चालत आलंय आणि ते सांगून विकलं तर बाजाराला चालतं. हे प्रकरण वेगळं. इथे रंग बाहेरून घातलेला.

आणि हे दुकानातल्या भिंगाखाली सहसा कळत नाही. क्ष-किरणांचं साधं यंत्रही उपयोगी पडत नाही, इतकं हलकं मूलद्रव्य त्याला दिसतच नाही. लेझरने केसाएवढा खळगा पाडून त्यातली वाफ तपासावी लागते. त्यामुळे विकणाऱ्यालाही माहीत नसण्याची शक्यता आहे. पण 'सिलोनी, नॅचरल' सांगून त्या भावाने विकला असेल तर बिल घेऊन जा आणि भांडा. प्रक्रिया न केलेल्या खड्याच्या किमतीपुढे हा खडा पासंगालाही पुरत नाही.

आता विषाचं. अशा खड्यात बेरिलियम असतं दशलक्ष भागांत साधारण दहा-वीस भाग. दहा धरलं तर चार कॅरट म्हणजे ८०० मिलिग्रॅममध्ये ०.००८ मिलिग्रॅम. लग्नाच्या पंगतीतल्या मसालेभातात काजू असतात त्याहूनही कमी.

कोथरूडची_मनू (११:३२)

सराफदादा, खूप खूप आभार! आईला वाचून दाखवलं. ती म्हणते "मग माझ्या पाचूच्या कुड्या बऱ्या, त्यात असली भेसळ नाही."

सराफाघरचा (११:४०)

अं... काकूंना आत्ता सांगू नका, पण पाचू हे बेरिलियमचंच खनिज आहे. मास्तरांनी वर लिहिलंय की. वजनाच्या पाच टक्के. दोन कॅरटच्या पाचूत २० मिलिग्रॅम. त्या पुष्कराजाच्या अडीच हजार पट.

शंकासुर (११:४१)

डेटॉलचा कॅन आणा.

पाणिनीचा_पुतण्या (दुपारी १:२०)

अवांतर आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. बेरिलियम हे नाव आपल्याकडून गेलंय. संस्कृत वैडूर्य, पालीत वेळुरिय, ते ग्रीकमध्ये गेलं बेरिल्लोस होऊन, तिथून बेरिल, आणि बेरिलवरून बेरिलियम. जर्मनमध्ये चष्म्याला 'ब्रिले' म्हणतात, तेही याच घरातलं, कारण पूर्वी भिंगं या पारदर्शक दगडाची करत. तमिळनाडूत कांगेयमजवळ पडियूरला बेरिलच्या जुन्या खाणी आहेत आणि तिथला माल रोमपर्यंत जायचा.

पाणिनीचं सूत्रच आहे, 'विदूराञ्ञ्यः'. विदूरहून येतं ते वैडूर्य. त्यावर पतंजलीची शंका अशी की ते तर वालवाय डोंगरात मिळतं, विदूरात फक्त घासूनपुसून तयार होतं. मग नाव विदूरचं का? म्हणजे माल एका गावचा आणि नाव दुसऱ्याचं, हे तेव्हाही होतं.

सराफाघरचा (१:३५)

पण आमच्याकडे वैडूर्य म्हणजे लसण्या, केतूचा खडा. बेरिल नव्हे.

पाणिनीचा_पुतण्या (१:५२)

बरोबर, अर्थ सरकलाय. जुन्या ग्रंथांतलं वैडूर्य नेमकं कोणतं यावर भांडारकरमध्ये आमचे दोन गुरुजी चहा गार होईपर्यंत भांडले होते.

सराफाघरचा (२:०४)

गंमत म्हणजे अस्सल लसण्या असतो क्रायसोबेरिलचा, आणि त्यातही बेरिलियम आहेच. सात टक्के, पाचूपेक्षा जास्त. म्हणजे अर्थ सरकला तरी बेरिलियम सुटलं नाही. नवरत्नांच्या अंगठीत पाचू आणि लसण्या, दोन घरं याचीच. आणि मनूताईंच्या खड्याला भट्टीत रंग चढवताना पहिल्यांदा वापरलं तेही कुटलेलं क्रायसोबेरिलच.

विवेकवादी_विनू (२:१०)

म्हणजे गुरूच्या खड्यात केतू मिसळला. युती झाली. ज्योतिषाला विचारा आता.

भोसरी_टूलरूम (४:४५)

मी खड्यांवाला नाही. पण बेरिलियम शब्द बघून धागा उघडला आणि जरा धस्स झालं.

आम्ही प्लास्टिक मोल्डचे साचे करतो. साच्यात जिथे उष्णता लवकर काढायची असते तिथे स्टीलऐवजी बेरिलियम कॉपरचा इन्सर्ट बसवतात. तांब्यात जेमतेम दोन टक्के बेरिलियम, पण हीट ट्रीटमेंटनंतर साधं तांबं कुठे आणि हे कुठे, स्टीलसारखं कडक होतं. उष्णता स्टीलच्या कितीतरी पट वेगाने ओढतं, सायकल टाइम कमी होतो, गिऱ्हाईक खूश. स्पॉट वेल्डिंगच्या टिपा, रिलेच्या स्प्रिंगा यातही हाच धातू. माझे वडील दारूगोळा कारखान्यात होते, त्यांच्याकडे पिवळसर हातोडी-पाने असायचे. लोखंडावर पडले तरी ठिणगी उडत नाही. तेही याचेच असतात.

आम्ही इन्सर्टला शेवटचा हात पॉलिश पेपरने मारतो. कोरडा. छोट्या ग्राइंडरवर बफ पण करतो. भुकटी उडते, एअर गनने साफ करतो. बारा वर्षं करतोय. मास्क करोनात घातला तेवढाच. नेटवर आता जे वाचलं त्याने झोप लागेल असं वाटत नाही. कोणी डॉक्टर आहे का इथे?

डॉ_बरगडी (७:२८)

मी छातीविकारांची डॉक्टर. धाग्यातला खरा प्रश्न आता आला.

आधी मनूताई: स्फटिकात अडकलेलं बेरिलियम घामाने, पाण्याने बाहेर येत नाही. अंगठी घाला, करंडा धुऊ नका.

भोसरीकर, तुमचं वेगळं. बेरिलियमचा धोका श्वासातून आत जाणाऱ्या बारीक धुळीचा आणि धुराचा. साधारण विषासारखं ते जास्त गेलं की जास्त त्रास असं सरळ वागत नाही. काही माणसांची प्रतिकारशक्ती त्याच्यावर चिडते, काहींची चिडत नाही. ज्यांच्या एचएलए-डीपीबी१ जनुकात ६९व्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं त्यांना धोका जास्त. एकदा शरीर चिडलं की फुफ्फुसात बारीक गाठी होतात, चढताना दम लागतो, कोरडा खोकला राहतो. हे काही महिन्यांत होऊ शकतं, वीस-तीस वर्षांनीही होऊ शकतं. एक्स-रे सारकॉइडोसिससारखा (फुफ्फुसात अशाच गाठी होणारा दुसरा आजार) दिसतो, आणि आपल्याकडे गाठी दिसल्या की पहिल्यांदा टीबीच आठवतो. म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी 'मी बेरिलियम कॉपर घासतो' हे वाक्य न विचारता सांगा. आम्ही 'काय काम करता' विचारतो, पेशंट 'कंपनीत' म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

हे कळलं कसं, तर ट्यूबलाइटमुळे. पूर्वी ट्यूबच्या आतल्या पांढऱ्या लेपात बेरिलियम असायचं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या दिव्यांच्या कारखान्यांत तरुण मुली दम लागून आजारी पडू लागल्या. डॉ. हॅरिएट हार्डी यांनी १९४६ मध्ये ते मांडलं आणि १९४९ पर्यंत ट्यूबमधून बेरिलियम हद्दपार झालं. कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झाला होता. तिकडे हवेतली मर्यादा तेव्हा घनमीटरला २ मायक्रोग्रॅम ठरली. २०१७ मध्ये ती ०.२ केली, म्हणजे आधीची मर्यादा पुरेशी नव्हती.

अख्खा इन्सर्ट हाताळण्यात, बसवण्यात काही नाही. कोरडं घासणं आणि हवा मारणं उद्यापासून बंद. पाण्यावर किंवा कूलंटखाली घासा, ओढून घेणारा एक्झॉस्ट लावा, साफसफाई ओल्या फडक्याने. कामाचे कपडे घरी नेऊ नका. तुम्ही स्वतः फुफ्फुसांची क्षमता तपासून घ्या, डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती नीट जातो याची चाचणी) सकट. बहुतेक काही निघणार नाही, पण आजचा आकडा पुढे तुलनेला हवा.

भोसरी_टूलरूम (७:४१)

डॉक्टर, कपडे बायकोच धुते. उद्याच बघतो.

निवृत्त_मास्तर (८:१५)

डॉक्टरांचा प्रतिसाद छापून भोसरी-चाकणच्या प्रत्येक टूलरूममध्ये लावला पाहिजे.

एक्सआरडी_वाली (९:०२)

सराफांनी लिहिलं की क्ष-किरणांना हे दिसत नाही. आमचं कामच त्यावर चालतं! अणूत इलेक्ट्रॉन चारच, त्यामुळे क्ष-किरण जवळजवळ न अडता आरपार जातात. म्हणून एक्स-रे ट्यूबची खिडकी बेरिलियमच्या पातळ पत्र्याची असते. आतली निर्वात पोकळी धरून ठेवते आणि किरण बाहेर सोडते. पीएचडीच्या पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं होतं, "खिडकीला बोट लावायचं नाही. तुटली तर भुकटी तुझ्या नाकात जाईल आणि बिल माझ्या."

तारांगण (१०:३०)

कोणी जेम्स वेबचं नावच काढलं नाही अजून?

२५ डिसेंबर २०२१ ला उडालेल्या त्या दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसा बेरिलियमचा आहे. १८ षट्कोनी तुकडे, प्रत्येक १.३२ मीटर रुंद आणि वजन जेमतेम २० किलो. धातूची घनता १.८५, ॲल्युमिनियमची २.७, म्हणजे त्याहून हलका, आणि ताठपणा पोलादाच्या दीडपट. शिवाय तिथे उणे २२० अंशांच्या खालची थंडी. त्या थंडीत थोडं खाली-वर झालं तरी बेरिलियम जवळपास हलत नाही, काच वाकडी झाली असती. वरून सोन्याचा मुलामा. सगळ्या आरशांना मिळून ४८ ग्रॅम, पाच तोळेसुद्धा नाही.

आणि विश्वात हे इतकं विरळ का? ताऱ्यांच्या पोटात दोन हेलियम जोडले तर बेरिलियम-८ बनतं आणि क्षणाचाही कण जाण्याआधी फुटून पुन्हा दोन हेलियम होतात. ते जिवंत असताना तिसरा हेलियम येऊन आदळला तरच कार्बन. आपण सगळे त्या अपघातातून आलोय. टिकणारं बेरिलियम-९ तारे बनवत नाहीत, उलट गिळतात. ते बनतं अवकाशात, वैश्विक किरणांनी कार्बन-ऑक्सिजनचे अणू फोडले की त्यांच्या चुऱ्यातून. आईंच्या कुड्यांतला पाचू म्हणजे तो चुरा आहे.

निवृत्त_मास्तर (१०:४४)

न्यूट्रॉन विसरलात! १९३२ मध्ये चॅडविकने पोलोनियममधून निघणारे अल्फा कण बेरिलियमवर मारले, त्यातूनच न्यूट्रॉनचा शोध. परीक्षेत हमखास चार मार्क.

चेंबूर_ते_पुणे (११:०५)

मास्तरांच्या न्यूट्रॉनला धरून. बेरिलियम न्यूट्रॉनला परत आत ढकलतं, म्हणून अणुभट्टीच्या गाभ्याभोवती ते किंवा त्याचं ऑक्साइड लावतात. कल्पाक्कमच्या 'कामिनी' आणि तुर्भ्याच्या नव्या 'अप्सरा' या अणुभट्ट्यांना ऑक्साइडचंच कवच आहे. म्हणून बेरिल आपल्या खाण कायद्यात अणुखनिजांच्या यादीत होतं. २०२३ च्या दुरुस्तीत लिथियमबरोबर त्यालाही यादीतून काढून खासगी खाणकामाला दार उघडलं.

कानसेन (११:२०)

यामाहाच्या एनएस-१००० स्पीकरमध्ये १९७४ साली बेरिलियमचे घुमट होते. या धातूत आवाज सेकंदाला जवळपास तेरा किलोमीटर धावतो. ज्यांनी भीमसेनजींचा तानपुरा त्यावर ऐकला नाही त्यांनी...

शंकासुर (११:२२)

कानसेन आले. धागा संपला, झोपा सगळे.

कोथरूडची_मनू (पुढचा रविवार, सायं. ६:१०)

अपडेट. बिल आणि सर्टिफिकेट घेऊन आम्ही दुकानात गेलो. मालक म्हणाले "आम्हालाही वरून असाच आला." सराफदादांनी लिहिलेलं सगळं आईनेच त्यांना ऐकवलं, लेझरच्या खळग्यासकट. माझा फोन न बघता! शेवटी निम्म्याहून थोडे जास्त पैसे परत करायला तयार झाले. पण आई म्हणाली पैसे पूर्ण द्या, नाहीतर खडाही माझ्याकडेच राहील आणि बोलणंही चालू राहील. मंगळवारी परत बोलावलंय.

पाचूचं तिला अजून सांगितलेलं नाही.

सराफाघरचा (६:२५)

मंगळवारी लॅबचं मूळ सर्टिफिकेट न्या, झेरॉक्स नको. बिलावर 'सिलोनी' लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर पूर्ण पैसे मिळतील.

भोसरी_टूलरूम (८:५०)

डॉक्टर, तपासणी झाली. आकडे नॉर्मल आले, फाइल करून ठेवली. एअर गन बंद केली, बफिंगच्या टेबलला एक्झॉस्ट लावतोय. मालक आधी खर्चावरून कुरकुरले, मग तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून टेबलावर ठेवला. कपडे आता कंपनीतच धुतो, लाइन लावून. पण एक पोरगा आहे, सहा महिने झाले खोकतोय. टीबीची औषधं चालू आहेत, थुंकीत काही निघालं नव्हतं. त्याने डॉक्टरला काम काय सांगितलं विचारलं, तर म्हणाला "कंपनीत".

डॉ_बरगडी (८:५३)

त्याला उद्या पाठवा. जुने एक्स-रे सगळे घेऊन. व्यक्तिगत निरोप पाठवते.